केक कोणासाठी?

आमच्या नातीचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा केशवापुरातील आमच्या घरात एक वाद उपस्थित झाला. वरवर पाहता तो अगदीच क्षुल्लक होता. केक बेकरीतून आणावयाचा की घरी करावयाचा, एवढाच प्रश्न. घरी करावा यावर एकमत होण्यास वेळ लागला नाही. मग सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, तिच्या केकात साखर घालायची नाही."

हे ऐकून आम्हां उभयतांस आधी हसू आले, आणि खरे सांगावयाचे तर मागाहून थोडा रागही आला. साखरेवाचून केक म्हणजे मिठावाचून आमटी! आमची लेकरे साखर खाऊनच वाढली, त्यांचे काय बिघडले? वाढदिवसासाठी बेळगावहून मुद्दाम आलेल्या आत्याबाई तर म्हणाल्या, "अगं, वर्षाचा दिवस आहे, उपासाचा नव्हे." सूनबाईंनी उलट उत्तर केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आत्या, केक कोणासाठी करायचाय?"

त्या वेळी हा प्रश्न आम्हांस किंचित उद्धट वाटला. आज तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण वाढदिवस होऊन गेला तरी त्याने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

एक वर्षाच्या मुलाला आपला वाढदिवस आहे हे कळत नाही. त्याची आठवणही राहत नाही. तुम्हीआम्ही आपली सर्वांत जुनी आठवण शोधू लागलो तर बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाशी येऊन थांबतो. त्याच्या अलीकडचे सारे पुसलेले असते. म्हणजे फुगे, टाळ्या, प्रार्थना, गाणे, केक यांपैकी काहीच त्या जिवापाशी उरावयाचे नाही. ते आभार मानणार नाही, दुसऱ्याच्या केकाशी तुलना करणार नाही, आणि मोठेपणी 'तुम्ही माझ्यासाठी काय केलेत' असे विचारताना या दिवसाचा हिशेब धरणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

काही मंडळी म्हणतील, तसे असेल तर वाढदिवस करूच नये. आम्हांस ते पटत नाही. पहिला वाढदिवस मुलाचा असतो तितकाच त्याच्या आईचाही असतो. जागरणाचे, तापाचे, दूध न पिण्याचे, लशींचे असे एक वर्ष तिने काढलेले असते. आमच्या आजीच्या तोंडी 'वर्षाचे झाले' हे शब्द 'नदी उतरून पार झाले' या अर्थाने येत असत, आणि तिला तसे म्हणण्याचा अधिकार होता. तिची तीन लेकरे त्या नदीतच राहिली होती. १९७१ साली आपल्या देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच जात असत. २०२० साली तो आकडा २८ वर आला. हे २८ देखील कोणाच्या तरी घरचेच. तेव्हा ज्या घरात बाळ वर्षाचे होते त्या घराने उपकारस्तुती करावी, चार माणसांना गोड द्यावे, यात वावगे काही नाही. आजी केक करीत नसे. ती शिऱ्याचे पातेले उतरवी आणि चाळीतील प्रत्येक दारात एकेक वाटी पोहोचवी. कोरिया देशातही शंभराव्या दिवशी आणि पहिल्या वाढदिवशी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला केक शेजारीपाजारी वाटण्याची जुनी चाल आहे. ज्यांच्याकडे तो जातो ते ताट रिकामे परत करीत नाहीत; बाळाला आयुष्य लाभावे म्हणून त्यात दोरा, तांदूळ किंवा पैसे ठेवतात. आपल्याकडेही भांडे रिकामे परत करू नये म्हणतातच. इतक्या दूरच्या देशांत ही एक रीत कशी जुळली, याचे आम्हांस नवल वाटते.

पवित्र शास्त्रात मात्र वाढदिवसाचे समर्थन शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. वाढदिवस म्हणून स्पष्ट उल्लेख दोन, आणि दोन्ही राजांचे. हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले. फारोच्या वाढदिवशी प्यालेबरदारांच्या नायकाला त्याची जागा परत मिळाली आणि आचाऱ्यांच्या नायकाला फाशी झाली. भाकरी भाजणाऱ्याचा बळी घेणारा हा पहिलाच वाढदिवस म्हणावयाचा! तिसऱ्या शतकातील ओरिगेनसारख्या गुरूंनी या कथांवरूनच वाढदिवसाच्या मेजवान्या ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीत असा निष्कर्ष काढला होता. परंतु उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात आणखी एक मेजवानी आहे. इसहाकाचे दूध सुटले त्या दिवशी अब्राहामाने ती दिली. तान्हे मूल जगले, वाढले, आता घरचे अन्न खाऊ लागले, याचा तो आनंद होता. आमच्या नातीच्या दिवसाला जवळची गोष्ट शोधावयाची तर ती हीच. त्या अध्यायाचा पुढला भाग आम्हांस त्या वेळी आठवला नाही. तो पुढे आठवला, आणि कोणी आठवण करून दिली तेही सांगू.

केकावर मेणबत्त्या लावण्याची पद्धत जर्मनीकडची. तिचा एक फार जुना लेखी उल्लेख १७४६ सालच्या वाढदिवसाचा आहे, आणि तो वाढदिवस होता मोरेव्हियन बंधूंचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ यांचा. केक इतका मोठा होता की तो मावेल अशी भट्टी शोधावी लागली असेल. वयाच्या वर्षांइतकी भोके त्यात पाडून प्रत्येकात मेणबत्ती रोवली होती. हे वर्णन करणारा अँड्र्यू फ्राय हा त्या मंडळीला कंटाळून बाहेर पडलेला मनुष्य. त्याने ते तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. याच मंडळीतून १७३२ साली दोघे बंधू कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर गुलामांत सेवा करावयास निघाले होते. एकाच घराण्यात एवढा त्याग आणि एवढा केक! आम्ही हे टीका म्हणून लिहीत नाही. आमच्याही घरात दोन्ही थोडे थोडे आहे, फक्त त्याग बराच कमी आहे.

या सगळ्यात लक्षात येते ते असे की केक हा बहुधा मोठ्यांनी मोठ्यांसाठी मांडलेला देखावा असतो. एका वर्षाच्या मुलाच्या नावाने केलेला केकही याला अपवाद नसतो. वर साखरेचा जाड थर, त्यावर लाल-निळा रंग, मध्ये बाळाचा फोटो. त्यातले बाळाने खाण्याजोगे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली लहान मुलांच्या आहाराविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना भरपूर साखरेचे व भरपूर मिठाचे पदार्थ आणि गोड पेये देऊ नयेत असे सांगितले आहे. गोडाची ओढ मूल जन्मतःच घेऊन येते. ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती भाजीची, वरणाची, आंबट दह्याची गोडी. साखरेचे सोंग घेऊन येणाऱ्या मधाचीही गोष्ट अशीच. आमच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या जिभेला आजीने मधाचे बोट लावले. त्यामागे प्रेमच होते. पण मधात कधीकधी बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात, एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात, आणि घरच्या स्वयंपाकाच्या आचेने ती मरत नाहीत. बाळांच्या या आजाराची ओळख वैद्यांना १९७६ साली पटली. आजीला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आम्हांला ठाऊक झाल्यावरही 'आमच्या वेळी' म्हणत बोट पुढे केले तर ते प्रेम राहत नाही, हट्ट होतो.

घरी केलेल्या केकाची थोरवी अलीकडे फार गायिली जाते. त्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. बेकरीत रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा कारागीरही प्रामाणिकपणेच काम करतो, आणि जी आई सकाळी आठला कामावर जाऊन रात्री आठला परतते तिने विकतचा केक आणला म्हणून तिची माया उणी ठरत नाही. उलट 'आम्ही घरी केला' हे चारचौघांत सांगताना छाती किती पुढे येते याचा आम्हांस स्वतःचाच अनुभव आहे. घरच्या केकाचा खरा लाभ एकच. खाणारा कोण आहे हे पाहून त्यात काय घालावयाचे आणि काय वगळावयाचे ते आपल्या हाती राहते. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी १८३७ साली अंड्यावाचून कस्टर्ड तयार केले. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून १८४३ साली भाकरी फुगविण्यासाठी बेकिंग पावडर सिद्ध केली. आज घरोघरी केक फुगतो त्याच्या मुळाशी, एका खाणारीला काय चालत नाही याचा विचार आहे.

आमची वडील मंडळी रेल्वेच्या नोकरीपायी हुबळीस आली. त्या काळी इकडच्या रेल्वेचे नावच सदर्न मराठा रेल्वे होते, आणि १९५६ पर्यंत हा धारवाड जिल्हा मुंबईकडे मोडत होता. आमच्या लहानपणी नाताळ आला की केकाचे मिश्रण घरी फेटून पत्र्याच्या डब्यांत भरावयाचे, डब्यावर नावाची चिठ्ठी लावावयाची आणि बेकरीच्या भट्टीवर नेऊन द्यावयाचे. कधी चिठ्ठ्या जळून जात, आणि शेजाऱ्यांचा केक आपल्या घरी येई. तो नेहमी आपल्यापेक्षा चांगला निघे! पुढे ॲल्युमिनियमच्या जाड पातेल्यात वाळू घालून स्टोव्हवर केक होऊ लागला. ते पातेले अजून आहे. नातीचा केक त्यातच करावा असे ठरले.

तो केला असा. एक वाटी बारीक रवा आणि पाऊण वाटी कणीक. वेलची केळी चांगली पिकलेली, चार, कुस्करून. अर्धी वाटी ताजे दही, दोन चमचे घरचे लोणी, एक अंडे, थोडी वेलदोड्याची पूड. अंडे नातीला आधीपासून सोसत होते, म्हणून घातले. बदामाचे काप, बेदाणे असले काही नाही; दोन दात आलेल्या जिवाच्या घशात ते अडकावयाचे. रवा दह्यात अर्धा तास भिजू दिला. सोडा अर्धा लहान चमचा, तोही अगदी शेवटी. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की वायूचे बुडबुडे लगेच सुटू लागतात. मिश्रण तसेच ठेवून गप्पा मारीत बसले तर ते निघून जातात आणि केक बसतो. कणीक घातल्यावर फार घोटावयाचे नाही, नाहीतर केक चिवट होतो. वाळू आधी दहा मिनिटे तापवली, डबा ठेवला, झाकण घातले, आच मंद केली. पाऊण तासाने विणकामाची सुई खुपसून पाहिली, कोरडी निघाली.

दिसावयास तो केक अगदी सामान्य होता. तपकिरी, मध्ये एक तडा गेलेला. आत्याबाईंनी एक घास खाल्ला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी आम्ही बेकरीतून दुसरा केक मागविला होता, हे येथे कबूल केलेले बरे. सूनबाईंच्या प्रश्नाला आमचे तोपर्यंतचे उत्तर असे दोन केकांचे होते: एक बाळासाठी, एक लोकांसाठी.

आता त्या अध्यायाचा पुढला भाग. आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचा नातू त्यांच्याच घरी वाढतो. वाढदिवसाची यादी करताना आम्ही ठरविले होते की उरलेला केक दुसऱ्या दिवशी डब्यात घालून त्यांना द्यावा. सूनबाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "त्यांचा मुलगा आपल्या बाळापेक्षा दोनच महिन्यांनी मोठा आहे." म्हणजे त्याचे वर्ष दोन महिन्यांपूर्वी पुरे झाले होते, आणि रोज सकाळी त्याची आजी आमच्या मोरीत बसत असून आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा आम्हांस हागार आठवली. इसहाकाच्या मेजवानीनंतर लागलीच, त्याच घरातील दुसरे मूल आपल्या आईबरोबर भाकर आणि पाण्याची मसक घेऊन रानात जाते. आम्ही कोणाला हाकलले नव्हते. आम्ही फक्त उरलेले द्यावयाचे ठरविले होते.

लगेच आम्ही बाईंना संध्याकाळचे आमंत्रण दिले. त्या हसून "आगली अम्मा, येते" म्हणाल्या, आणि येणार नाहीत हे त्यांच्या हसण्यावरूनच कळले. मागाहून सूनबाईंपाशी त्यांनी मन मोकळे केले. संध्याकाळी यावयाचे म्हणजे पाकीट आणावयास हवे, पोराला नवा सदरा हवा, आणि सोफ्यावर बसलेल्या साहेबलोकांत उभे कोठे राहावयाचे? आमच्या आमंत्रणाने त्यांच्यावर खर्च घातला होता.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू आपल्या यजमानाला सांगतो की जेवण करशील तेव्हा परत बोलावू शकतील अशांना बोलावू नको, ज्यांच्यापाशी फेड करावयास काही नाही अशांना बोलाव. हा उतारा आम्ही उपासनेत कितीदा ऐकला असेल. तरी आमच्या कपाटात एक वही आहे. कोणाच्या लग्नात, बारशात, वाढदिवसात किती आहेर आला आणि आपण किती दिला, हे तीत लिहिलेले असते. आता तर येणाऱ्या प्रत्येक मुलाला जाताना 'रिटर्न गिफ्ट' द्यावी लागते, म्हणजे फेड दारातच होऊन जाते. या उताऱ्याचा आम्ही आजवर लावलेला अर्थ असा की गरिबांना द्यावे आणि परतीची अपेक्षा करू नये. त्यात काही चूक नाही. पण त्या बाईंच्या हसण्याने आम्हांस त्याची दुसरी बाजू दाखविली. बाळ खरोखरच फेड करू शकत नाही, आणि त्याला त्याची लाजही नाही. मोठ्या माणसाला ती आहे. 'तू काही परत करू शकत नाहीस, म्हणून तुला देतो' असे ज्याच्या तोंडावर कृतीने सांगितले जाते, त्याच्या घशाखाली तो घास कसा उतरावा? बाळाला देताना फेड विसरली तर पुरते. शेजाऱ्याला देताना त्याच्या हाताला परत करण्याची जागाही ठेवावी लागते. ही जागा किती असावी, कशी असावी, हे आम्हांस नेमके सांगता येत नाही. पण ती नसली तर आपले दान हे उजव्या हाताने दिलेले आणि डाव्या हाताने मिरविलेले होते, एवढे आता कळू लागले आहे.

शेवटी सूनबाईंनीच मार्ग काढला. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी, भांडी आटोपण्याच्या वेळी, "मुलाला घेऊन या, दोघांना बरोबरच भरवू," असा निरोप त्यांनी दिला. निरोपात पार्टीचा उल्लेख नव्हता. बाई आल्या. मुलाच्या अंगात रोजचाच सदरा होता. स्वयंपाकघरात चटई टाकली, केक पातेल्यातून नुकताच काढलेला, कोमट. मेणबत्ती लावली नाही. कोणीतरी ती नक्की धरली असती. आम्ही एक लहानशी प्रार्थना केली, तीत दोघांचीही नावे घेतली. नातीने आपला तुकडा प्रथम चटईवर दाबून पाहिला, मग केसांना लावला, मग खाल्ला. त्या मुलाने आपला संपवून तिच्या पुढ्यातला घेतला, आणि तिने तो घेऊ दिला. याला उदारपणा म्हणावयाचा नाही. तिला त्या वेळी पातेल्याच्या झाकणात अधिक रस होता. साखर नाही, हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. त्याची आजी आणि आमच्या घरची आजी दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाईंनी सांगितले की नातवाच्या वर्षाच्या दिवशी त्याला ताप होता, त्यामुळे काहीच केले नाही.

उरलेला अर्धा केक आम्ही स्टीलच्या डब्यात घालून त्यांच्याबरोबर दिला. संध्याकाळ नेहमीसारखी पार पडली. बेकरीचा केक सर्वांना आवडला, आत्याबाईंनाही. वहीत नावे लिहिली गेली.

तीन दिवसांनी डबा परत आला. आत मूठ-दोन मुठी नव्या शेंगा होत्या आणि दोन लिंबे. सूनबाईंनी शेंगा भाजावयास टाकल्या, आणि त्यांतल्या चार बाईंच्याही हातावर ठेवल्या.